निळ्या चित्राची भिंत

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार पोचला असं समज, आता मागचं भांडण पुढे चालू करतो.

हमाली म्हणायचं नाही. मागच्या पत्रात तू तो शब्द तीनदा लिहिलास आणि तिन्ही वेळा बाबा म्हणतात असं जोडून स्वतः नामानिराळी झालीस. हमाल ओझं उचलतो आणि टाकतो. आम्ही उचलतो आणि टाकत नाही, सगळा पगार त्या न टाकण्याचा आहे. दोन खिळे ठोकले की चित्र लागलं असं बाबांना वाटत असेल, तर त्यांना सांग, इथे एका चित्रापायी चार माणसं पाऊण तास पातळी दाखवणारी पाणसळ धरून उभी असतात. आमचा मुख्य, ज्याला सगळे मिस्त्री म्हणतात, त्याला केसभर तिरकं दिसलं तरी तो चित्र उतरवून पुन्हा लावायला सांगतो.

हे फोनवर दोन मिनिटांत सांगून झालं असतं. पण फोनवर बाबा आणि मी एकमेकांचं बोलणं तोडतो, कागदावर निदान वाक्य तरी पुरं होतं, हा तुझा कायदा. कायदा मान्य. मात्र सातवीत शाळा सोडलेल्या माणसाकडून चार-चार पानं लिहून घेणं हा छळ आहे, हेही त्यात एक कलम म्हणून घाल.

ठरलेलं मी विसरलेलो नाही. तीन महिने कच्चा. पक्का केलं तर राहायचं, नाही केलं तर मुकाट परत येऊन मामांच्या खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसायचं. मुदत मार्चअखेर. पण आत्ताच लिहून देतो, त्या खुर्चीवर मी बसणार नाही. लहानपणापासून ज्याला तुम्ही भिंगरी म्हणता त्याला खुर्ची देता तरी कशाला? भिंगरी बसली की पडते.

आता कामाचं. या वेळचं प्रदर्शन जपानी चित्रकारांचं आहे. सव्वीस चित्रं, आणि एकातही माणूस नाही, झाड नाही, घर नाही. नुसते रंग आणि रेघा. एक तर पांढऱ्यावर पांढरं. ते पेटीतून निघालं तेव्हा वरचा कागद काढायचा राहिलाय असं वाटून मी कागदाचं टोक शोधत बसलो आणि सगळे हसले. मिस्त्रीने मला बजावलंय, हे काय आहे असं चित्राबद्दल विचारायचं नाही, वजन किती आहे ते विचारायचं.

सगळ्यांत मोठं आहे ते निळं. माझ्याहून हातभर उंच, दोन खाटा जोडल्यावर होईल तेवढं रुंद. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे या चित्रदालनाच्या सर्वेसर्वा, त्या एका चित्रासाठी मधल्या दालनात नवी भिंत उभी करून घेताहेत. त्याची पेटी उघडली आणि ताई, वास आला. सरसाचा! मी दचकून मागे बघितलं, वाटलं बाबा डबा घेऊन उभे आहेत. बाबांच्या भिंतींच्या रंगासाठी हाडाकातड्याचा तो डिंक आपल्या शेगडीवर उकळायचा, माझ्या सदऱ्याला त्याचा वास यायचा आणि वर्गात शेजारी कोणी बसायचं नाही. त्या वासापासून पळून मी इतक्या लांब आलो, तर तो थेट जपानहून मऊ कागदात गुंडाळून माझ्यामागे आला. इथे तो कोणाला ओळखताही आला नाही. मिस्त्रीला वाटलं, पेटीत उंदीर मेलाय.

आणि इथला पहिला नियम बाबांना मुद्दाम सांग. चित्राला उघडा हात लावायचा नाही, पांढरे हातमोजे घालूनच धरायचं. नियम मोडला की त्याच दिवशी घरी. आता विचार त्यांना, हमालाला कोणी हातमोजे देतं का?

बाबांना सा. न. माया आहे तशीच राहू दे, शब्द तेवढा बदल.

तुझा,
भिंगरी

---

दि. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अ. आ. त्यातले निम्मे पोचते केले, निम्मे तू वळणावर येईपर्यंत माझ्याकडे ठेवले आहेत.

तुझं पत्र जेवताना वाचून दाखवलं ही माझीच चूक. मी सरसापाशी आले आणि बाबांचा घास हातातच राहिला. आधी म्हणाले, पोरगा थापा मारतोय, सरस आता जगात कोणी वापरत नाही, प्लॅस्टिकच्या रंगाचा डबा उघडला की झालं लोकांचं. मग विचारलं, हाडाचा की कातड्याचा. मी म्हटलं, पत्रात तसं काही नाही. हात धुऊन परत आले आणि दारात उभं राहून म्हणाले, रंग धरलाय का ते त्याला विचार, तळहात फिरवायला मी शिकवलंय त्याला. मी सांगितलं की तिथे हात लावलेला चालत नाही. तर म्हणाले, मग त्यांना कळतं कसं?

ते तुला आठवत असेलच. भिंत सुकली की बाबा तळहात फिरवायचे. हात कोरडा आला तर काम झालं. रंग हाताला आला तर सरस कमी पडला किंवा ओल लागली, आणि मग मजुरी न मागता पुन्हा भिंत घासायची. शेजारचे त्यांना वेडा म्हणायचे ते यावरूनच.

आता वेडेपणालाही काम उरलेलं नाही. गेल्या हंगामात दोन भिंती झाल्या, एक गोठ्याची आणि एक त्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्याची. तरी रोज सकाळी सगळे ब्रश धुतात आणि ओळीने वाळत घालतात. न वापरलेले ब्रश धुणारा माणूस बघायला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून मी शिवणाच्या मशीनवर जाऊन बसते. गणवेशांचं काम भरपूर आहे, डोळे तेवढे कुरकुरतात.

मामा परवा येऊन गेले. एकतीस मार्चपर्यंत खुर्ची तुझी, एक एप्रिलला ते समोरच्या घरातल्या मुलाला ठेवणार. त्यांचं काही चुकत नाही रे. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक सल्ले देतात, मामा निदान खुर्ची देताहेत. मला विचारशील तर तू जवळ असावास असंच वाटतं, खोटं कशाला सांगू? हमाली हा शब्द दोनदा बाबांचा होता, एकदा माझा. तो माझा परत घेते.

जेवण वेळेवर कर. शिडीवर चढताना डोकं जागेवर ठेव. पत्राला उशीर झाला तर मी रागावते हे लक्षात असू दे, आणि तरीही माझा लोभ कमी होत नाही हेही.

तुझी,
ताई

---

दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. आधी एकटी वाच, मग फाड.

मी चित्राला हात लावला.

पहिल्यापासून सांगतो. निळ्या चित्राची ती नवी भिंत ठेकेदाराची माणसं बांधून गेली. पुट्टीचे दोन थर, वर पांढऱ्या रंगाचे दोन हात, चार दिवसांत सगळं उरकलं आणि निघाले पुढच्या कामाला. चित्र कुठल्या उंचीवर शोभेल ते बघायला मोठ्या बाईंनी ते खाली ठोकळ्यांवर ठेवून भिंतीला टेकवायला सांगितलं. दोन दिवस ते तसंच होतं. मी जाता-येता भिंतीला गाल लावून बघितला. गार, ताई. वरून कोरडी, आतून गार. बाबा म्हणतात तशी पोटात पाणी धरलेली.

मिस्त्रीला सांगितलं. त्याने बोट फिरवून दाखवलं, रंग बोटाला येत नाही, म्हणजे सुकली. मी म्हटलं, रंग सुकलाय, भिंत नाही. तर सगळ्यांदेखत विचारतो, तू इथे चित्रं टांगायला आलास की भिंती रंगवायला? मी शिडी उचलून चालायला लागलो. तोंड बंद ठेवलं की माझं काय होतं ते तुला माहीत आहे.

त्यात तुझं पत्र आलं. रंग धरलाय का ते विचार. डोक्यात तेच एक वाक्य फिरायला लागलं. दुपारी सगळे चहाला गेले होते. मी उजवा हातमोजा काढला आणि चित्राच्या खालच्या कडेवरून तळहात फिरवला, अगदी हलका, बाबा फिरवतात तसा. हात निळा आला. मग वरच्या कोपऱ्यावरून फिरवला, जिथे भिंत तेवढी गार नव्हती. कोरडा. म्हणजे एकदा नाही, दोनदा लावला. आणि दोनदा लावला म्हणूनच कळलं की मुळात रंग पक्का होता, खालची कड त्या भिंतीची ओल पिऊन सुटायला लागली आहे.

हात धुतला. कोणी बघितलं नाही. चित्र आता परत आतल्या खोलीत आहे, पण बावीस तारखेला सकाळी ते त्याच भिंतीवर चढणार आणि सात आठवडे राहणार. पाठीमागून रोज ओल. सरसाचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको. आधी बुरशी, मग रंग पापुद्र्याने खाली.

मी नुसती भिंत ओली आहे म्हणालो तर मिस्त्री हसतो. चित्राची कड सुटली म्हणालो तर पहिला प्रश्न येणार, तुला कसं कळलं? आणि त्याचं उत्तर म्हणजे गाठोडं बांधून मामांची खुर्ची. न सांगितलं तर मार्चअखेर मी पक्का होतो. कोणाला कधी कळणारही नाही, चित्र जपानला परत गेल्यावर तिथे काय ते निघेल.

न सांगून मला जमेल असं वाटत नाही, आणि सांगायचं कसं तेही सुचत नाही. तू असतीस तर आधी एक धपाटा घातला असतास. तोच लिहून पाठव.

तुझा,
भिंगरी

---

दि. १८ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

अ. आ. मला वाचून दाखवू नकोस असं लिहिलेलं पत्र ताईने मला वाचून दाखवलं. तिला बोलू नकोस. तिचं तोंड बघून मीच मागून घेतलं.

मला लिहायची सवय नाही, म्हणून मुद्द्याचं लिहितो. हात लावलास ते चुकलं. विचारल्याशिवाय परक्याच्या भिंतीला मी कधी हात लावला नाही. पण तुझ्या डोक्यात ते मी घातलं, तेव्हा निम्मी चूक माझ्या नावावर धर.

गालाला भिंत कळते हे खरं. पण तुझ्या गालावर दुसरा का विश्वास ठेवील? त्याला दाखव. प्लॅस्टिकचा कागद घे, पारदर्शक, जेवणाच्या ताटाएवढा. भिंतीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कर, वारा शिरता कामा नये. संध्याकाळी लाव, सकाळी बघ. आत पाण्याचे थेंब धरले तर भिंत ओली. मग कोणाशी वाद घालायची गरज नाही.

पण त्यातून भिंतच कळेल. चित्राला काय झालंय ते फक्त तुझ्या हाताला माहीत आहे आणि ते तुला तोंडाने सांगावं लागेल. निम्मं सांगशील तर निम्मंच वाचेल. ज्याने ते रंगवलंय त्याने आधी थरावर थर दिले असतील, प्रत्येक थर सुकायची वाट बघितली असेल. मला माहीत आहे किती वेळ लागतो.

खुर्चीच्या भीतीने गप्प बसू नकोस. काढून टाकलं तर घरी ये, घर कुठे जात नाही.

सरस हाडाचा की कातड्याचा ते अजून कळवलं नाहीस.

बाबा

---

दि. २६ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ताई, दोघांना एकत्रच,

सा. न. वि. वि. ताई, फितुरी माफ. बाबा, पत्र एकवीस तारखेला दुपारी हातात पडलं, म्हणजे अगदी काठावर. आता घडलं तसं लिहितो, मध्ये तोडू नका.

त्याच संध्याकाळी निघण्याआधी पेट्यांतलं प्लॅस्टिक कापून भिंतीवर तीन ठिकाणी लावलं, गुडघ्याशी, छातीशी आणि हात पोचेल तिथे. सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो. छातीशी आणि वर नुसतं धुकं होतं. गुडघ्याशी मात्र थेंब, बाबा, मोजून घ्यावेत असे टपोरे. मिस्त्रीला नेऊन दाखवलं. तो उकिडवा बसला. मग चिकटपट्टी स्वतःच्या नखाने सोडवली, आत हात घातला, हात बघितला आणि मोठ्या बाईंना बोलवायला गेला. मला वाटलं होतं तो अडून बसेल. हातावर पाणी आल्यावर अडून बसणाऱ्यातला तो नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो.

मोठ्या बाई आल्या आणि त्यांच्याबरोबर एक म्हाताऱ्या बाईही आल्या. बुटक्या, पांढरे केस कानाच्या वर कापलेले, पायांत रबरी तळव्यांचे बूट, चष्म्याची काडी दातांत. निळं चित्र त्यांचंच. आदल्या रात्री येऊन पोचल्या होत्या, सोबत एक दुभाषी बाई. मी मनात ज्याने रंगवलं तो म्हणत होतो, आणि समोर आपल्या शेजारच्या आजींसारखी आजी.

मोठ्या बाई म्हणाल्या, ठीक आहे, दोन दिवस पंखे लावा, चित्र चोवीसला चढवू, पंचवीसला संध्याकाळी उद्घाटन. सगळे वळले. तिथे थांबलो असतो तर सगळं निभावलं असतं. भिंत पकडली म्हणून शाबासकीही मिळाली असती, कदाचित त्याच दिवशी पक्का झालो असतो.

मी म्हणालो, चित्राची खालची कड सुटली आहे. मोठ्या बाईंनी विचारलं, कशावरून? मी उजवा हातमोजा काढला, हात पुढे केला आणि सांगितलं, या हातावर रंग आला होता, पंधरा तारखेला, दोनदा फिरवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते अगदी अक्षरशः. मोठ्या बाईंचा चेहरा असा झाला की मी जमिनीकडे बघायला लागलो. दुभाषी बाईंनी ते आजींना सांगितलं. सांगायला चार शब्द पुरले असावेत, पण मला ते चारशे वाटले.

आजींनी बॅटरी मागवली. आतल्या खोलीत जाऊन चित्रापुढे जमिनीवर आडव्याच झाल्या, कडेवर तिरका उजेड टाकला, नाक जवळ नेऊन वास घेतला. उठल्यावर मला विचारलं, हात फिरवायला कोणी शिकवलं? मी सांगितलं, वडील भिंती रंगवतात, सरस आणि तुरटी घालून. दुभाषी बाईंना सरस म्हणजे काय ते कळेना, म्हणून मी हाड, कातडं, उकळणं, सगळं हातवारे करून दाखवलं आणि शेवटी नाक धरलं. आजी हसल्या. मग विचारलं, तुरटी किती घालतात? मी म्हणालो, माप नाही, जिभेवर थेंब ठेवून बघतात. त्यावर त्यांनी स्वतःच्या जिभेला बोट लावून दाखवलं. त्याही तसंच बघतात, बाबा. आणि सरस कातड्याचा. मी विसरलो नव्हतो.

त्यांनी सांगितलं, चित्र आडवं ठेवा, कोरड्या खोलीत, आणि आठवडाभर हलवू नका. कडेचा सुटलेला रंग त्या स्वतः सरसाने पुन्हा बांधतील. भिंत सुकल्याशिवाय त्यावर काही लावायचं नाही, प्रदर्शन उघडलं तरी.

म्हणून काल उद्घाटनाला मधली भिंत रिकामी होती. लोक आले, गटागटाने फिरले. एक सद्गृहस्थ त्या रिकाम्या भिंतीपुढे हाताची घडी घालून उभे राहिले, मान तिरकी केली, दोन पावलं मागे गेले, पुन्हा पुढे आले, आणि बायकोला म्हणाले, यात खोली आहे. मी पंख्याची वायर गुंडाळत होतो. खोली कसली, त्यात पाणी होतं.

आता माझं. आज सकाळी मोठ्या बाईंनी बोलावलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाल्या, तुझ्यामुळे चित्र वाचलं हे मान्य, पण उद्या दुसऱ्या कोणी हात लावला तर मी त्याला काय तोंडाने काढणार? टांगणाऱ्यांतून तुझं नाव कमी. मार्चअखेर हिशेब घेऊन जा.

मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. म्हणालो, बाई, चित्राला हात लावू देऊ नका, भिंतीला तर लावू द्या. दर प्रदर्शनाला तुम्ही पाच-सहा भिंती उभ्या करता आणि ठेकेदार चार दिवसांत रंग फासून पळतो. ते काम मला द्या. सुकलेली भिंत हातात देईन, नाही दिली तर महिन्याचा पगार देऊ नका. त्या म्हणाल्या, तुला हाकलताना तूच मागण्या करतोस? मी म्हणालो, हाकलल्यावर कोण ऐकणार? त्यांनी विचार करते म्हणून सांगितलं. मिस्त्री बाहेर उभा होता. तो म्हणाला, अशा वेळी विचार करते म्हणजे नाही. मी म्हणालो, मी उद्या पुन्हा विचारणार, आणि परवाही.

तेव्हा खुर्ची अजून कोणाला देऊ नका असं लिहिणार होतो, पण लिहीत नाही. माया ठेवा.

तुमचा,
भिंगरी

---

दि. ३ मार्च

चि. भिंगरीस,

अ. आ. राखून ठेवलेले निम्मेही सोबत पाठवते आहे, गरज पडेल.

तुझं पत्र बाबांनी दोनदा वाचायला लावलं. जिभेवर तुरटी बघतात ते नेमकं लक्षात ठेवलं, आणि संध्याकाळी मामा आले तर त्यांना म्हणाले, जपानातसुद्धा चव घेऊनच बघतात. मामांनी विचारलं, तुम्ही कधी गेला होतात जपानला? बाबा म्हणाले, मुलगा जाऊन आला. मामा माझ्याकडे बघायला लागले, मी दोऱ्याचं टोक शोधत बसले.

पण पुढे जे झालं ते मला हसण्यावारी नेता येत नाही. मामांनी खुर्चीचं विचारलं, आणि बाबांनी सांगितलं की समोरच्या मुलाला ठेवून घ्या, आमचा येत नाही. मला न विचारता, तुला न विचारता. मामा दुखावले नाहीत, उलट सुटल्यासारखे दिसले. तो मुलगा सोमवारपासून बसतोय.

मी बाबांवर चिडले. म्हटलं, त्याचं तिथलं काम जायच्या बेतात आहे, आणि तुम्ही इथला दोर कापून टाकलात? तर म्हणाले, दोर असेपर्यंत तो अर्धा इकडे लोंबकळतो. तो दाराशी जाऊन परत फिरला ना, मग त्याला पुरं फिरू दे. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. तू पळालास तो भिंतींपासून, सरसापासून, आणि आता भांडतोयस ते भिंतीसाठी. हे तुझं तुला तरी कळतंय का? की त्या बाईंनी नाही म्हटलं म्हणून तुला ते हवं झालंय? खरं काय ते लिही. आणि नुसतं उद्या विचारतो, परवा विचारतो असं नको, काय ठरलं ते लिही. इथे आम्ही दोघं रोज पोस्टमनच्या सायकलचा आवाज ओळखायला शिकलो आहोत.

लोभ आहेच. काळजी त्याहून जास्त आहे.

तुझी,
ताई

---

दि. २० मार्च

ती. ताईस आणि ती. बाबांस,

सा. न. वि. वि. ठरलं. आधी तेच लिहितो, म्हणजे पुढचं तुम्ही बसून वाचाल. पत्राला उशीर झाला तो भिंत सुकायची वाट बघण्यात.

मी पाच दिवस रोज सकाळी मोठ्या बाईंच्या दाराशी गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, तुला लाज नाही. मी म्हणालो, भिंतीचं काम असलं की ती लागत नाही. चौथ्या दिवशी मी काही विचारलं नाही, मधल्या भिंतीचा खालचा भाग खरवडून ठेवला होता तो फक्त दाखवला. ठेकेदाराने पुट्टीचा पहिला थर सुकायच्या आत दुसरा चढवला होता, आतली पुट्टी अजून मळलेल्या कणकेसारखी. बाईंनी त्यात नख खुपसून बघितलं. पाचव्या दिवशी कागद तयार होता.

पक्का झालो आहे, पण टांगणारा म्हणून नाही. भिंतींवर. पगार टांगणाऱ्यांपेक्षा चौथाईने कमी, आणि चित्रापासून दहा पावलं लांब उभं राहायचं असं कागदावर लिहून घेतलंय. मिस्त्रीने मला ते सगळ्यांपुढे मोठ्याने वाचायला लावलं. आता तो मला गालवाला म्हणतो, पण माझ्या प्लॅस्टिकमध्ये थेंब नाही हे स्वतः बघितल्याशिवाय खिळा ठोकत नाही.

ताई, तू खरं विचारलंस. सांगतो. कागदावर सही करताना मला आनंद झाला नाही. दोन दिवसांचा प्रवास करून मी ज्यापासून पळालो तेच पुढे ताट वाढून ठेवलेलं. रागही आला, स्वतःचाच. पण मग मधल्या भिंतीला हात घातला. सगळी पुट्टी उतरवली, एक थर दिला आणि थांबलो. तुला माहीत आहे, मला थांबता येत नाही. बसता येत नाही, वाट बघता येत नाही. तिथे मात्र थांबलो, कारण नाही थांबलो तर काय होतं ते मी हातावर बघितलंय. बाईंनी नाही म्हटलं म्हणून हवं झालं असेलही थोडं. पण थर सुकेपर्यंत तेवढं टिकलं नसतं.

बाबा, तुम्ही खुर्ची देऊन टाकलीत ते ताईच्या पत्रातून कळलं तेव्हा मी आधी शिव्या घातल्या, मग जाऊन दुसरा थर दिला.

निळं चित्र काल चढलं. आजी परत गेल्यात, जायच्या आधी त्यांनी कड बांधली. दोन दिवस पोटावर पडून, एवढ्याशा ब्रशने. मी दहा पावलांवर हात मागे बांधून बघत होतो. चार जणांनी उचललं, मिस्त्रीने पाणसळ लावली, आणि मी माझ्या भिंतीकडे बघायचं सोडून पहिल्यांदा चित्राकडे बघितलं. ते एक निळं नाही. वर आहे ते पहाटेचं, खाली येता येता घट्ट होतं, आणि डावीकडे मध्येच एका ठिकाणी खालचा थर वरच्यातून दिसतो, जसा बाबांच्या रंगवलेल्या भिंतीत जुना रंग कुठेतरी श्वास घेतो तसा. काय आहे ते मला अजूनही कळत नाही. पण किती वेळ लागला असेल ते कळतं, आणि ते कळलं की पुढे उभं राहवतं. अर्धा तास उभा होतो. मिस्त्रीने घड्याळ लावलं होतं.

आता कामाची गोष्ट. मिस्त्री म्हणतो चित्रात नऊ थर आहेत, मी म्हणतो अकरा. बाजूने बघितलं की कडेशी मोजता येतात, पण दहा पावलांवरून माझी नजर पुरत नाही, आणि त्याला थरातलं काही कळत नाही. याचा निकाल बाबांशिवाय कोणी लावू शकत नाही. प्रदर्शन बारा एप्रिलपर्यंत आहे. मोठ्या बाईंना विचारून ठेवलंय, आत यायला पैसे लागणार नाहीत. त्यांनी एकच अट घातली आहे, बाबांनी दोन्ही हात खिशात ठेवायचे. ताई, मशीनला आठवडाभर झाकण घाल आणि तूही ये, नाहीतर ते खिशातून हात कधी काढतील याचा नेम नाही. झोपायची सोय माझ्या खोलीत आहे, मी जमिनीवर.

दोघांची माया अशीच असू द्या, आणि या वेळी ती पाकिटातून न पाठवता बरोबर घेऊन या.

तुमचा,
भिंगरी

ता. क. मनीऑर्डर आजच केली आहे. घरखर्चाला या महिन्यात त्यातलं काही काढायचं नाही आणि ताईने परस्पर बाबांचं औषध आणायचं नाही, हे फक्त भाडं आहे. दोघांचं, येण्या-जाण्याचं, बाबांना खिडकीजवळची जागा धरून, तीन हजार सहाशे चाळीस.